मंगलचा मुठीचा डबा

निपाणी,
८ जानेवारी २०२४

ति. राजेश्वरी आक्का यांस,
युवराजचा सप्रेम सलाम.

तुमचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी 'बरा आहे' एवढेच बोललो. राग आला असेल. माझी सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, पण फोनवर बोलणे मला जमले नाही. समोरचा थांबला की मीही थांबतो. मंगल असताना ती बोलायची आणि मी शेजारी बसून मान हलवायचो. मग ती तुम्हाला सांगायची, 'हे हो म्हणतायत.' आता तसे सांगणारे कोणी नाही, म्हणून पत्र लिहितो.

एक विचारायचे आहे. स्वयंपाकघरात मंगलचा मुठीचा डबा आहे. रोज भात टाकायच्या आधी ती एक मूठ तांदूळ बाजूला काढून त्यात टाकायची आणि रविवारी चर्चला नेऊन द्यायची, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीत ती दवाखान्यात गेली तेव्हा डबा अर्धा भरला होता. तो तसाच राहिला. पुढे चालू ठेवावा असे मला वाटते. पण मी भात करत नाही. मला येत नाही. स्टँडजवळच्या खानावळीतून दोन्ही वेळचा डबा येतो. मग मूठ कशातून काढायची? शिजलेल्या भातातून तर काढता येत नाही. पाळकसाहेबांना विचारावे, तर ते नवीन आहेत. काहीही विचारले की आधी 'प्रार्थना करू' म्हणतात. शेवटी मी दुकानातून तांदळाची पिशवी आणून ठेवली. रोज संध्याकाळी तिच्यातली एक मूठ डब्यात टाकतो. शिजवत काही नाही. हे नियमात बसते का?

दुसरे, ईस्टरनंतर इथले घर बंद करून पिरनवाडीला तुमच्याकडे राहायला यावे असे तुम्ही म्हणालात. तुमच्या घरात मुलगा तेजस्वी, सूनबाई, नातवंडे, सगळी आहेत. त्यात माझी भर कशाला? मला इथेच राहायचे आहे. मंगलचे सगळे इथे आहे. पण एकट्याचे नीट चालत नाही असे दिसले, तर येईन. एवढा शब्द देतो.

आपला,
युवराज

---

पिरनवाडी, बेळगाव
१७ जानेवारी

युवराजराव यांस,
राजेश्वरीचा आशीर्वाद आणि सलाम.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. शिजवायचे नाही आणि मूठ मात्र काढायची, हे मी आमच्या सात पिढ्यांत ऐकले नव्हते. अहो, मूठ काढायची ती आपल्या पोटाच्या वाटणीची. आपण एक घास कमी खायचा आणि तो दुसऱ्याला द्यायचा, असा त्याचा अर्थ. दुकानातून आणून दान करायचे तर आख्खी पिशवीच द्या की. पण बंद करू नका. आमच्या आईने मंगलला तो डबा लग्नात दिला होता.

ते तांदूळ कुठे जातात ते मंगलने तुम्हाला सांगितले नसेल. सांगायचे नसतेच. सगळ्यांचे तांदूळ चर्चच्या पिंपात एकत्र करतात आणि जिथे अडचण असेल त्या घरी जातात. घर ख्रिस्ती असो नाहीतर नसो. देणारा बोलत नाही, घेणारा विचारत नाही. ते चर्चचे पंच लोक बघतात.

खानावळीच्या डब्याचे तुम्ही लिहिलेत, पण माझा विश्वास नाही. मंगल सांगायची, हे लग्नाच्या पंक्तीतसुद्धा वाढप्याला हाक मारत नाहीत, पानातले संपले की उठतात. असा माणूस खानावळीचे काय खाणार? खरे काय ते कळवा.

परवा बेळगावात महिलांचा मेळावा झाला. तुमच्या पाळकीणबाई, रचना, भेटल्या. मुलगी चांगली आहे. इकडचे तिकडचे बोललो.

इथे घर भरलेले असते. मुलांच्या गडबडीत बसायला सवड नाही, म्हणून आवरते घेते. मागची खोली तुमच्यासाठी रंगवून घेतली आहे.

राजेश्वरी

---

निपाणी,
५ फेब्रुवारी

ति. आक्का,
सप्रेम सलाम.

मी जेवतो. खरे सांगतो. खानावळीची आमटी तिखट असते, पण जेवतो.

मधे एक चमत्कारिक प्रकार घडला. शनिवारी दुपारी मी नेहमीप्रमाणे तंबाखूच्या वखारीपर्यंत फिरून आलो, तर दारात कापडी पिशवी. आत तांदूळ. पत्ता नाही, चिठ्ठी नाही. शेजारच्या मालुबाईंना विचारले. त्या उंबऱ्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पिशवी पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "ठेवणाऱ्याचं नाव इचारू न्हाय, आप्पा. शिजवून खावं." म्हणजे त्यांनीच ठेवली असावी असा माझा अंदाज आहे. त्यांच्या मुलाला नुकतीच कागलच्या कारखान्यात नोकरी लागली आहे, त्या आनंदात ठेवली असेल. पण मला तांदूळ काय करायचे? परत द्यावेत तर त्यांचा अपमान. म्हणून मी ते सगळे मंगलच्या डब्यात ओतले. डबा भरून वर आला, तेव्हा उरलेले बादलीत घेतले आणि रविवारी दोन्ही घेऊन चर्चला गेलो.

पंचांपैकी कल्लाप्पा पिंपाजवळ उभे असतात. त्यांनी डबा पाहिला, बादली पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. डोळ्यांत पाणी होते. मंगलची आठवण आली असेल असे मी समजलो. मलाही आली. आम्ही दोघे थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मागे रांग लागली होती.

आपला,
युवराज

---

पिरनवाडी
१२ फेब्रुवारी

युवराजराव यांस सलाम.

दारात आलेले अन्न बादलीत घालून बाहेर काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. कोणी प्रेमाने ठेवले असेल तर ठेवून घ्यावे, शिजवावे, खावे. तांदूळ होता कसा? जुना की नवा? मालुबाईंनी आणला असेल तर एका जातीचा असेल. नीट बघून कळवा. बारीक होता की जाड?

पाळकीणबाई कधी घरी आल्या होत्या का? आल्या तर त्यांच्यासमोर तरी चार घास खा.

राजेश्वरी

---

निपाणी,
२७ फेब्रुवारी

ति. आक्का,
सप्रेम सलाम.

तुम्ही विचारले म्हणून पुढच्या पिशवीतले तांदूळ चष्मा लावून पाहिले. तांदूळ बारीकही होता आणि जाडही. काही दाणे लालसर. दुकानदाराने मालुबाईंना फसवले असावे. मी त्यांना तसे म्हटले नाही.

तुम्ही विचारता म्हणून पुढचे लिहितो. त्यानंतर दर शनिवारी पिशवी येते आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी. गेल्या वेळी वर नारळ आणि तेलाची पिशवी होती. मी सगळे इमानाने चर्चला पोचवतो. आता बादली पुरत नाही म्हणून पाळणाघरातल्या मुलांची जुनी ट्रॉली मागून घेतली. तिचे एक चाक वाजते. मी येताना लांबूनच कळते आणि लोक दार सोडून बाजूला होतात.

चर्चमध्ये माझ्याकडे सगळे फार बघतात. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या ज्या विधवेच्या मडक्यातले पीठ दुष्काळातही संपले नाही तिच्यावर संदेश दिला आणि 'आपल्यातही अशी माणसे आहेत' म्हणून माझ्या बाकाकडे पाहिले. मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती. कल्लाप्पांनी प्रार्थनेत एका भुकेल्या भावासाठी मागणी केली. कोण तो कळले नाही, पण मीही आमेन म्हणालो.

आणि घरी माणसांची रीघ. कोणी सार घेऊन येते, कोणी अंड्याची पोळी, कोणी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मी खाईपर्यंत समोर बसून राहतात. पाळकीणबाई तर घास मोजतात असे वाटते. नाही म्हणायची मला सवय नाही. म्हणून खानावळीचे जेवून वर त्यांचेही जेवतो.

त्याचाच परिणाम म्हणून एक नुकसान झाले. माझा पांढरा शर्ट तुम्हाला आठवत असेल. पोटावरचे बटण तुटले तेव्हा मंगलला पांढरे सापडले नव्हते. एका लग्नाला निघायची घाई होती, तिने शिवणाच्या डब्यातले हिरवे लावून दिले. पुढे मी कितीदा म्हटले बदल, लोक हसतात. ती म्हणायची, "असू दे. गर्दीत हरवलात तर सांगता येईल, हिरव्या बटणाचे गृहस्थ." परवा चर्चमध्ये पिंपात तांदूळ ओतायला वाकलो आणि घरी येऊन पाहतो तर बटण नाही. पोट वाढले आहे. चर्चमध्ये, रस्त्याला, गटाराच्या कडेलासुद्धा पाहून आलो. मिळाले नाही.

एवढ्याशा बटणासाठी लिहिणे बरे दिसत नाही. पण लिहिले.

आपला,
युवराज

---

पिरनवाडी
५ मार्च

युवराजराव यांस सलाम.

बटणाचे एवढे मनाला लावून घेऊ नका. खडेबाजारात पांढरी बटणे पुड्यांनी मिळतात, येताना घेऊन येईन. पोट वाढले असे तुम्ही लिहिता. उपाशी माणसाचे पोट कधीकधी फुगते असे मी ऐकले आहे. मला खरे सांगा.

हे असे किती दिवस चालणार? लोकांनी आणलेले खायचे, दारात आलेले चर्चला द्यायचे. याला संसार म्हणत नाहीत. तुम्ही शब्द दिला होता, एकट्याचे नीट चालत नाही असे दिसले तर येईन. मला तरी तसे दिसते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तेजस्वी टेंपो घेऊन येईल. सामान बांधून ठेवा. मंगलची भांडी नीट कागदात गुंडाळा. मुठीचा डबाही घ्या, तो आमच्या आईचा आहे.

इथे तुम्हाला वेळेवर गरम मिळेल आणि बोलायला माणसे असतील. नसाल बोलणार तर ऐकायला असतील.

राजेश्वरी

---

निपाणी,
१८ मार्च

ति. आक्का,
सप्रेम सलाम.

बटण सापडले.

शनिवारी पिशवी आली. मी ती नेहमीप्रमाणे घमेल्यात ओतली, तर तांदळावर हिरवे बटण. दोऱ्यासकट. मंगलची गाठ मला ओळखता येते. ती दोरा दातांनी तोडायची आणि शेपूट लांब ठेवायची.

मी बटण तळहातावर घेऊन हिशेब लावला. पिंपात ओतलेले तांदूळ, पिंपात पडलेले बटण, आणि ते माझ्या दारात. म्हणजे मी रविवारी नेतो तेच शनिवारी मला परत येते. पंचांना वाटते की मी घरातले होते नव्हते तेही देऊन टाकतो आहे, म्हणून ते आणखी पाठवतात. मी आणखी आणतो म्हणून त्यांना आणखी वाईट वाटते. जिथे अडचण आहे ते घर म्हणजे मी. तो भुकेला भाऊही मीच. मी स्वतःसाठी आमेन म्हणून आलो.

खात्री करायला मालुबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लई येळ लागला की तुमास्नी. ती पिशवी आदी माझ्या दारात याची. पोरगं कागलला लागलं, मग बंद झाली. म्हटलं आता कुणाच्या दारात जातीया, तर तुमच्या." सूप बाजूला ठेवून पुढे म्हणाल्या, "पेन्शन खाणारं गरीब मी पैल्यांदाच बघितलं, आप्पा."

मी घरी आलो. मला राग क्वचित येतो, त्यामुळे तो आला की काय करायचे ते कळत नाही. ट्रॉलीच्या चाकाला तेल घातले.

कोणाच्या खऱ्या अडचणीच्या घरात जायचे तांदूळ माझ्या घराभोवती फिरत राहिले, याचे जास्त वाईट वाटते. आक्का, एक विचारतो. मी चर्चमध्ये कोणापाशी काही बोललो नाही. मी उपाशी आहे हे त्यांना कोणी सांगितले?

टेंपोचे अजून ठरवू नका.

आपला,
युवराज

---

पिरनवाडी
२२ मार्च

युवराजराव यांस,
सलाम.

मीच सांगितले. त्या मेळाव्यात पाळकीणबाईंना बाजूला घेऊन सांगितले, आमचे मेहुणे घरात काही शिजवत नाहीत, काही खात नाहीत, स्वतः मागणार नाहीत, लक्ष ठेवा. तुम्ही 'बारीकही आणि जाडही' लिहिलेत तेव्हाच मी ओळखले होते. पाच-पंचवीस घरच्या मुठी एकत्र आल्या की तांदूळ तसाच दिसतो. तरी गप्प बसले. म्हटले, चुकून तरी शिजवतील.

याबद्दल तुम्ही रागावणार असाल तर रागवा. दवाखान्यात मंगलने माझा हात धरून सांगितले होते, "आक्का, यांना भूक लागली तरी ते सांगणार नाहीत. तू बघ." मी कसे बघायचे? बेळगावात बसून? फोनवर तुम्ही 'बरा आहे' म्हणता. मंगलसुद्धा शेवटपर्यंत 'बरी आहे' म्हणत होती.

ते जाऊ दे. आता ते तांदूळ चर्चला परत नेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी बैलगाडी येईल. शिजवा. मिसळीचा तांदूळ कठीण असतो, बारीक दाणा गळून जातो आणि जाड तसाच राहतो. म्हणून आधी चांगला भिजत घालायचा. पाणी बेताने, आच मंद. पहिल्यांदा थोडाच लावून बघा. एका माणसाला अर्धी वाटी पुरते. मी रोज तेवढाच लावते. सकाळचा उरलाच तर संध्याकाळी फोडणी देते, म्हणजे दुसऱ्यांदा काही करावे लागत नाही.

आणि टाकायच्या आधी मूठ काढा. आता ती नियमात बसेल.

राजेश्वरी

---

निपाणी,
३ एप्रिल

ति. आक्का,
सप्रेम सलाम.

थोडाच लावून बघा असे तुम्ही लिहिले होते. तसा बघितला. पहिला करपला. दुसऱ्याची पेज झाली. तिसरा मालुबाईंनी पाहिला आणि त्यांच्या कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी खाल्ला. मला धीर आला.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी उपासना संपल्यावर सूचना सांगतात, तेव्हा मी उभा राहिलो. या चर्चमध्ये मी इतकी वर्षे येतो, पण उभा राहून कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "मी उपाशी नाही. ईस्टरला सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला या." आणि बसलो. पाळकसाहेब म्हणाले, आपण यासाठी प्रार्थना करू. कल्लाप्पा मागून म्हणाले, "अगोदर आमटी कोण करणार ते ठरवू."

आमटी मालुबाईंनी केली. चर्चचे मोठे पातेले आणून माझ्या अंगणात तीन दगडांवर ठेवले. घरात साठलेले सगळे तांदूळ आदल्या रात्रीपासून भिजत घातले होते. ईस्टरच्या सकाळची उपासना झाली आणि मंडळी सरळ इकडे आली. गल्लीतलीही आली. विड्या वळणाऱ्या बाया लवकर येऊन कांदा चिरत बसल्या होत्या. चर्चची कोण आणि गल्लीची कोण, हे पंगतीत कळत नव्हते. तांदूळ पातेल्यात सोडायच्या आधी मी एक मूठ काढली. सगळे बघत होते. मंगलची मूठ लहान होती, माझी मोठी भरते. डबा लवकर भरेल.

भात तुम्ही म्हणालात तसाच झाला, अर्धा गळालेला, अर्धा टणक. कल्लाप्पा बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "युवराजप्पा, एका घासात दोन भात मिळाले. एक म्हाताऱ्यांना, एक पोरांना." मग सगळे हसले आणि मग सगळ्यांनी परत घेतला. पाळकीणबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझे पोट पाहिले आणि त्या लाजल्या.

जेवणानंतर पंचांनी एक काम सांगितले. कल्लाप्पांचे गुडघे गेले आहेत. शनिवारी दारोदार पिशव्या नेऊन ठेवायला माणूस पाहिजे. कोणाकडे जायचे ते पंच सांगतील आणि वाटेत आपल्यालाही काही दिसले तर ठेवायची मुभा आहे. कल्लाप्पा म्हणाले, "हे काम बोलणाऱ्याचं नाही. तुमच्याएवढा गप्प माणूस अख्ख्या निपाणीत नाही." माझ्या या गुणाचे आजवर कोणी नाव काढले नव्हते. मी मान हलवली. या वेळी ती सगळ्यांना दिसली.

तेव्हा मला इथेच राहावे लागेल, आक्का. एकट्याचे चालते आहे. शब्द मोडला असे समजू नका.

बटण मी स्वतः शिवले. काळा दोरा सापडला, त्याने शिवले. वाकडे बसले आहे.

शेवटी एक लिहू का नको, असे झाले होते. तुम्ही लिहिलेत की रोज अर्धी वाटी लावता आणि त्यातलाही उरतो. तेजस्वी लहान होता तेव्हापासून मी त्याला जेवताना पाहिले आहे. तो एकटा दोन वाट्यांचा भात खातो. मी काही विचारत नाही. आमच्या कामात विचारायचे नसते.

आपला,
युवराज

---

पिरनवाडी
१५ एप्रिल

युवराजराव यांस,
सलाम.

पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला.

तेजस्वी आणि सूनबाई मुलांना घेऊन दिवाळीच्या आधीच बेंगळुरूला गेले. तिकडे दोघांना नोकरी आहे. मंगलला बरे नव्हते म्हणून तेव्हा तुमच्या कानावर घातले नाही आणि मग राहूनच गेले. टेंपो मी भाड्याने ठरवणार होते. मागची खोली रिकामीच आहे, आणि पुढचीही. मंगल रोज संध्याकाळी फोन करायची. आता त्या वेळेला मी उगीच फोन पुसून ठेवते.

ते असो. शनिवारी दुपारी मी जरा पडले होते. उठून दार उघडते तर उंबऱ्यावर कापडी पिशवी. आत तांदूळ. बारीकही आणि जाडही, काही दाणे लालसर. पत्ता नाही, चिठ्ठी नाही. समोरच्या जयाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या, त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "एक गृहस्थ आलते. पिशवी ठेवली, इकडं तिकडं बघितलं आन् पळाले बघा. जाडसर हुते, पळता येत नव्हतं. मी हाक मारली तर जास्तच पळाले." मी विचारले, दिसायला कसे होते? त्या म्हणाल्या, "पांढरा शर्ट. पोटावर एक हिरवं बटण, तेबी वाकडं."

कोण असेल कोणास ठाऊक. घेणाऱ्याने विचारायचे नसते, म्हणून मी विचारत नाही.

आज त्यातला भात लावला. भिजत घातला, पाणी बेताने, आच मंद, सगळे केले. तरी अर्धा गळाला आणि अर्धा टणक राहिला. पण या वेळी अर्धी वाटी घेतली नाही. सवय मोडून पूर्ण वाटी घेतली, आणि तो उरला आहे.

तेव्हा ते जे कोणी गृहस्थ असतील त्यांना निरोप द्यावा. पुढच्या शनिवारी पिशवी ठेवून पळू नये. दार वाजवावे, आत यावे आणि जेवून जावे. काही बोलले नाही तरी चालेल. मी 'हे हो म्हणतायत' असे समजेन.

राजेश्वरी